इलोना नेनीचं नाक

सरकारला एक वास किती डॉलरला पडतो? हसू नका, हा प्रश्न मला पगार देऊन विचारला गेला होता. प्रांताच्या महसूल खात्यात माझं कामच ते आहे. नवा नियम आला की एका बाजूला खर्च मांडायचा, दुसऱ्या बाजूला जमा, खाली रेघ मारायची आणि कागद वर पाठवायचा. रस्त्यावर टाकायच्या मिठापासून हरणाच्या शिकारीच्या परवान्यापर्यंत किती नियम असे मांडले ते आता आठवतही नाही. लोकांना वाटतं काम फार रटाळ असेल. मला त्यात शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावल्याची मजा येते.

व्हेपचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या वाफेच्या सिगारेटचा, नियम आला तेव्हा तर पर्वणीच वाटली. नियम दिसायला सोपा होता. यापुढे दुकानात फक्त तंबाखूच्या वासाचं व्हेप विकायचं; आंबा, पुदिना, बबलगम, वाढदिवसाचा केक, सगळं बंद. गोड वासाला पोरं भुलतात, म्हणून. आता मांडायला बसा. प्रत्येक डबीवर कराचा शिक्का असतो, त्यामुळे खप घटला की जमा घटणार. खर्चाला दुकानं तपासणाऱ्यांचं पेट्रोल, कंपन्यांनी घातलेले खटले, शाळांच्या स्वच्छतागृहांत बसवलेले, व्हेपची वाफ लागली की वाजणारे भोंगे. फेकून दिलेल्या व्हेपची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत पेट घेते, तो बंबवाल्यांचा खर्च वेगळाच. शिवाय दवाखाना. वीस वर्षांनी येणारा खोकला आज कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

पण माझं सगळं कुतूहल एका बारक्या ओळीवर जाऊन बसलं. 'वास तंबाखूचाच आहे याची खात्री करणे.' आता ही खात्री करणार कोण? बाटलीत कुठली रसायनं आहेत ते यंत्र सांगतं. वास कसला आहे हे यंत्राला विचारून उपयोग नाही, त्याला नाक लागतं.

ते नाक शोधायची जबाबदारी टोरांटोच्या हॅडली कूम्ब्स या बाईंकडे होती. हुशार बाई, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. त्यांना वाटलं, तंबाखूचा वास ओळखायचा तर जिथे तंबाखू पिकते तिथली माणसं घ्यावीत. हे ऐकून बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, कारण जिथे पिकते ते म्हणजे आमचं नॉरफोक, माझं गाव. माझ्या आईने तिथे उन्हाळेच्या उन्हाळे तंबाखूची पानं काठ्यांना बांधण्यात घालवले. मी लगेच सांगून टाकलं की पहिलं नाव इलोना बोडनारचं लिहा.

इलोना नेनी आमच्या पलीकडच्या शेतातली. हंगेरियन लोकांत थोरल्या बाईला नेनी म्हणतात आणि आम्ही बेल्जियन असूनही तिला दुसरं काही म्हटलं नाही. आईबापांच्या बोटाला धरून ती लहानपणी हंगेरीतून पळून इथे आली, आमच्या वाळूच्या जमिनीत तंबाखू लावायला शिकली आणि मात्याश बोडनारशी तिचं लग्न झालं. मात्याश भट्टीवाला होता. ओली पानं उंच लाकडी भट्टीत टांगायची आणि खालून ऊब देऊन वाळवायची, हे भट्टीवाल्याचं काम. ऊब जास्त झाली तर पान काळं पडतं, कमी झाली तर कुजतं. एका ऑगस्टात भट्ट्या भरलेल्या असतानाच मात्याश गेला. भट्टीवर बाईमाणूस कधी कुणी पाहिलं नव्हतं. नेनीने त्याचा जाड ताडपत्रीचा कोट अंगात घातला आणि भट्टीशी जाऊन बसली. तापमापक बघायची तिला सवय नव्हती. दाराच्या फटीला नाक लावून ती सांगायची की पान हिरव्याचं पिवळं धरायला लागलंय, आता ऊब वाढवा. त्या वर्षी बोडनारांच्या मालाला बाजारात सगळ्यांत वरचा भाव आला. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला खात्रीचं बोलायचं असलं की तो म्हणायचा, हवं तर नेनीला हुंगायला लाव.

पुढे सरकारनेच पैसे देऊन लोकांना तंबाखू सोडायला लावली. नेनीनेही सोडली. भट्ट्या पाडल्या, शेतावर काळी कापडं पसरून कुणी भाडेकरू जिनसेंग नावाची औषधी मुळी लावतो. आता तेच सरकार तिला तंबाखू हुंगण्यासाठी मानधन देणार होतं. या एका कुटुंबावर सरकारचा दोन्ही बाजूंनी किती खर्च झाला, हे मी एकदा निव्वळ हौसेने मांडून पाहिलं होतं. तो कागद मी कुणाला दाखवलेला नाही.

मी तिला विचारायला गेलो तेव्हा ती चटकन हो म्हणाली. मला नवल वाटलं, कारण सरकारी माणसाला ती अंगणाच्या आत येऊ देत नसे. कारण तिने लपवलं नाही. तिची नात रेका तिच्याकडेच राहते. बाप ट्रकवर, आई कधीच दूर आल्बर्टा प्रांतात निघून गेलेली. पोर सोळा वर्षांची. तिच्या मोज्यांच्या खणात नेनीला आंब्याच्या वासाचं व्हेप सापडलं होतं.

"आयुष्यभर तंबाखू पिकवली, योरिस," ती म्हणाली, "आणि माझ्या घरात ती आंबा होऊन शिरली. मला बसव त्या खुर्चीत. एकेकाला बाहेर काढते."

मंडळ भरायचं चर्चच्या तळघरात. सरकारी नाव लांबलचक होतं, गावाने त्याला नाकमंडळ करून टाकलं. सहा म्हातारी माणसं, मधे पुठ्ठ्याचे आडोसे, समोर झाकणाच्या कुप्या. सकाळपासून कॉफी नाही, लसूण नाही, अंगाला अत्तर नाही. लसणाच्या सॉसेजशिवाय नेनीचा दिवस उगवत नसे, पण तिने मुकाट्याने पाण्यात बुडवलेला टोस्ट खाल्ला आणि त्याची तक्रार मात्र मुकाट्याने केली नाही. एक कुपी हुंगायची, एक शब्द लिहायचा, मग स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक खुपसून श्वास घ्यायचा. स्वतःच्या अंगाचा वास घेतला की नाक पुन्हा कोरं होतं म्हणे. मी घरी करून पाहिलं, खरंच होतं. सहाही जणांनी 'तंबाखू' लिहिलं तरच माल दुकानात राहायचा. एकानेही दुसरा शब्द लिहिला तर बाद.

पहिले काही आठवडे नेनीने धुमाकूळ घातला. 'तंबाखू' अशी चिठ्ठी लावून कंपन्यांनी काय काय पाठवलं होतं! नेनी लिहायची 'पुदिना, लपवलेला'. 'खोबरं'. एकीवर तर 'माझ्या दाताच्या डॉक्टरची खोली'. एकामागून एक माल बाद होत गेला आणि माझ्या जमेच्या बाजूला ओहोटी लागली. नेनीला गाडीने सोडायला मी जायचो तेव्हा ती विचारायची, आज सरकारचे किती बुडवले? मी आकडा सांगितला की खुशीत पाय हलवायची. घरी आंब्याचा वास बंद झाला होता. पोरीने सोडलं, असं तिने धरून चाललं होतं.

मग सदतीस नंबरची कुपी आली.

तो दिवस मी विसरणार नाही. पोकोर्नी नावाचे आजोबा, जे जन्मभर तंबाखूच्या लिलावात बोली पुकारत आले, त्यांनी आडोशावरून डोकं वर काढलं आणि नियम मोडून म्हणाले, "अरे, भट्टी." बाकीचे हसायला लागले. एका बाईने डोळे पुसले. नेनीने कुपी दोनदा हुंगली, तिसऱ्यांदा हुंगली आणि मोठ्या अक्षरात 'तंबाखू' लिहिलं. सहापैकी सहा. नंतर खारी बिस्किटं खाता खाता सगळे तासभर जुन्या सुगीच्या गप्पा मारत बसले.

हॅडलीबाईंनी नंतर कुपी हुंगली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना मध आणि बेदाण्यांचा वास आला. टोरांटोच्या कचेरीत चौघांनी हुंगली. एकाला अंजिराचा हलवा वाटला, एकाला नाताळचा केक. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं जणू आम्ही गावाने मिळून कट केला होता.

मला मात्र कोडं पडलं. मीही हुंगलं होतं. मला त्यात आईचे हात आले होते. खोटं कोण बोलतंय? मी दोन दिवस ज्याला त्याला विचारत फिरलो, की तंबाखूचा वास सांगा कसा असतो. टोरांटोवाले सांगायचे ते सगळं राखेचं वर्णन होतं: कडू, धुरकट, बसच्या थांब्यावर येतो तसा. आमचे लोक सांगायचे गवत, मध, बेदाणे, उबदार लाकूड. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यापैकी निम्म्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. आम्हाला तंबाखू माहीत होती ती पेटवण्याआधीची. कुण्या चतुर कंपनीने ती तशीच बाटलीत भरली होती, आणि तिला केक म्हणणार नाहीत अशी सहा माणसं आम्ही सगळा देश सोडून आमच्याच गावातून वेचून बसवली होती.

सदतीस नंबर दुकानात गेला. बाजारात गोड म्हणावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे तो असा खपला की माझी ओहोटी थांबून भरती आली. नियमामुळे जमा घटेल असं मी लिहिलं होतं, जमा वाढली. वरून मला अभिनंदनाचं पत्र आलं. शाळांचे भोंगे काही वाजायचे थांबले नाहीत, पण ते दुसऱ्या खात्याच्या रकान्यात वाजत होते.

ऑक्टोबरात, शेजारच्या सिमको गावची जत्रा उरकल्यावर, नेनीचा सकाळीच फोन आला. म्हणाली, ये, आणि कॉफी पिऊ नकोस. गेलो तर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर रेकाचं शाळेचं जाकीट पसरलेलं. नेनीने बोटाने खुणावलं. मी आधी कोपर हुंगलं, मग जाकीट. भट्टी. पान पिवळं धरतानाची, बोडनारांची भट्टी, जी पाडून तिथे आता दुसऱ्याची शेड उभी आहे. खिशात व्हेप होतं. मी वळवून पाहिलं. सदतीस नंबरच, कराचा शिक्का जागच्या जागी. कायद्याने त्यात काही चूक नव्हती, एवढंच की पोरीचं वय नव्हतं आणि कुणा मोठ्या मैत्रिणीने घेऊन दिलं होतं.

"मी पास केलं हे," नेनी म्हणाली. "माझ्या हाताने."

तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं आणि मला तिच्यासाठी वाईट वाटत होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की तुझं चुकलं नाही, वास तंबाखूचाच आहे. ती म्हणाली, तेच तर.

तोवर टोरांटोने फेरतपासणी लावली होती. तेच सहा जण, तीच कुपी, एकदाच. पुन्हा सहाही जणांनी 'तंबाखू' लिहिलं की माल कायमचा राहणार, मग कुणाला काही करता येणार नव्हतं. मी नेनीला सुचवलं की तू खुर्ची सोड, घरातलं कारण सांग. तिने मला वेड्यात काढलं. ती उठली तर उरलेले पाच जण तंबाखूच लिहिणार आणि तेवढ्यावर माल पास होणार. तिच्या शेजारच्या आडोशात पोकोर्नी बसणार होते, ज्यांनी तिच्या मालाला वरचा भाव पुकारला होता. ती काय लिहिणार हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

फेरतपासणीच्या दिवशी तळघरात वरून आलेले दोन साहेब उभे होते. कुप्या उघडल्या. पाच जणांनी झटकन लिहिलं. नेनी कुपी नाकाशी धरून बसून राहिली. मी समोरच होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. मात्याश गेला त्या ऑगस्टात भट्टीच्या फटीला नाक लावून बसलेली नेनी मी लहानपणी पाहिली होती. चेहरा तोच होता. मग तिने लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

हॅडलीबाईंनी सहाही कागद वाचून दाखवले. पाच 'तंबाखू'. सहावा 'बेदाणे'.

पोकोर्नी उठून उभे राहिले. एरवी ते फार सभ्य माणूस.

"बेदाणे?" ते म्हणाले. "इलोना, तुला सर्दी झालीय का? का म्हातारचळ लागलाय? भट्टीसमोर जन्म गेला तुझा, आणि बेदाणे?"

ती म्हणाली की मला बेदाणे आले, तर आले. कोट घेतला आणि जिना चढून निघून गेली. त्यानंतर त्या पाचांपैकी कुणी तिला मंडळात नीट नमस्कार केला नाही. गावात बातमी पोचायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. नेनीचं नाक गेलं, असं लोक हळहळून बोलले, आणि ते हळहळणं तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं असेल. कारण तिच्याकडे भट्टी नव्हती, शेत नव्हतं. लोक तिला ओळखायचे ते त्या नाकामुळे.

मी तिला गाडीने घरी सोडायला निघालो. काळ्या कापडांखालची शेतं मागे गेली.

"खोटं लिहिलं, योरिस," ती म्हणाली. "नाकाने कधी खोटं बोलले नव्हते."

मी म्हटलं की मला ठाऊक आहे. ती म्हणाली, तुझ्या कागदावर याची किंमत किती लावशील? मी आकडा सांगितला, सदतीस नंबर बंद झाल्यावर जमा किती घटेल तो. या वेळी तिने पाय हलवले नाहीत.

तिने मला जेवायला थांबवलं. मनुष्य दुःखात असला तरी आलुबुखाऱ्याचे उकडीचे लाडू करायचे ठरले म्हणजे ठरले, असं तिचं असतं. रेका शाळेतून आली, दप्तर टाकलं, लाडवांचा वास आला म्हणून सरळ टेबलाशी येऊन बसली. ओळखीची वाटावी अशी हसरी पोर, हनुवटी थेट मात्याशची. नेनीने तिच्यासमोर ताटली ठेवली आणि हातातला झाराही खाली न ठेवता सांगून टाकलं, की तुझ्या खिशातलं ते मी आज बंद करवलं. त्यासाठी मी खोटं बोलले, सगळ्यांसमोर. आता ते दुकानात मिळणार नाही.

मला वाटलं पोर भडकेल. ती ताटलीकडे बघत राहिली.

"नॉजी," ती म्हणाली. घरी ती आजीला तशीच हाक मारते. "वर्गातल्या बाकीच्या मुली ते घेत नाहीत. त्यांना म्हातारं वाटतं ते. त्या अजून कुठून कुठून आंबाच मिळवतात."

"मग तूच का घेतलंस?"

"तुझ्या कोटासारखा वास येतो त्याला."

नेनीने झारा टेबलावर ठेवला.

रेका माझ्याकडे न बघता हळूहळू सांगत गेली. आई आल्बर्टाला गेली त्या हिवाळ्यात ती मागच्या दारापाशी टांगलेल्या त्या ताडपत्रीच्या कोटाच्या आत जाऊन उभी राहायची. आजीला वाटायचं पोर लपाछपी खेळतेय. तिथे कुणी काही विचारायचं नाही आणि उबदार वाटायचं. मैत्रिणीने ते व्हेप ओढायला दिलं तेव्हा तिला पहिल्या झुरक्याला तो कोट आला. सोडेन म्हणते, पण जमेलच असं नाही सांगत, असंही म्हणाली. आता सवय लागलीय, नुसत्या वासाचं राहिलेलं नाही.

मी तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं. माझ्या दोन बाजूंपैकी कुठल्याच बाजूला हे बसत नव्हतं. नेनीने इतकी वर्षं सांभाळलेलं नाक दिलं होतं आणि जो वास बंद करायला ते दिलं, तो तिचाच होता.

नेनी मागच्या दाराशी गेली. खुंटीवरून कोट काढला, झटकला आणि आणून पोरीच्या खांद्यांवर टाकला. कोट इतका मोठा की ताटलीही त्यात झाकली.

"हा घे," ती म्हणाली. "याला कर नाही."

रेका हसली आणि मग रडायलाच लागली, कॉलरमध्ये तोंड घालून. नेनी तिच्या शेजारी बसली. सवयीने तिने आधी स्वतःच्या कोपरात नाक घातलं आणि एक लांब श्वास घेतला. मग पोरीच्या मानेशी वाकून कॉलर हुंगली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"तंबाखू," ती म्हणाली.